रुमालाखाली

वरखेडीच्या बैलबाजारात
आप्पा रुमालाखाली भाव करायचे.
चार बोटं धरली, एक दाबलं,
झाला सौदा.
समोरच्याचा तळवा घामानं ओला लागला
की आप्पा एक बोट सोडून द्यायचे.
कधी नाही सोडायचे.

मी अमळनेरात, मेडिकलच्या वरच्या खोलीत
सव्वानऊला स्क्रीन उघडते.
आज एक्स्पायरी.
तीनपर्यंत बावीस हजार चारशे सुटले.
खोटं बोलले नाही, काटा मारला नाही,
कुणाच्या दारात गेले नाही,
कर भरते.

भाकरी थापता थापता आई विचारते,
"कोना पैसा गयात?"
बाजाराचे, मी म्हणते.
"बजार म्हंजे कोन?"

मग मी सांगत बसते :
घेणारा असतो म्हणून विकणाऱ्याला वाट मिळते,
जोखीम वाटली जाते, खरा भाव कळतो.
ती ऐकते.
कळणाच्या पिठाचा हात
परातीच्या काठावर झटकते.
तवा धुरावतो.

काचेवर बोट टेकवते तेव्हा
पलीकडेही एक बोट असतंच,
ओलं की कोरडं, कळत नाही.
काच गार असते नुसती.

आणि कळलं असतं तरी
मी सोडलंच असतं
असंही नाही.