सातव्या फेरीनंतर

तळघर रिकामं करा म्हणाले, नवा सर्व्हर यायचाय.
लोखंडी कपाटाचा चौथा खण लाथ मारल्यावर उघडला.
आत कार्डं. एमिल कोवाल्चिकचं अक्षर,
मॉमी नदीवरच्या वाऱ्यात चालणाऱ्या माणसासारखं
एका बाजूला कललेलं.

"लमार टिबडो. दोनशे तीस पौंड. मान जाड.
बाप ऊस तोडतो. आई कमी बोलते. गुडघे शाबूत.
घ्या."

तेव्हा सतरा फेऱ्या असत
आणि पळणारा गडी म्हणजे राजा.
चेंडू पोटाशी, डोकं खाली, समोर भिंत.
टोलेडोच्या काचभट्ट्यांतून सुटलेली माणसं
रविवारी तेच बघायला यायची, आठवडाभर केलेलंच.

मग नियम सैल झाले, चेंडू हवेत गेला,
कार्डांवर एकाएकी मनगट आलं, हाताची वीत आली.
मग कुणाला तरी उमगलं
की फेकणाऱ्याला पाठीत डोळे नसतात.
डाव्या कडेचा तो धिप्पाड,
ज्याचं नाव त्याच्या गल्लीलाही धड ठाऊक नव्हतं,
त्याला सोन्याचा भाव.
मग छपराखालचं मैदान, चड्डीवर उभी केलेली पोरं,
घड्याळ, फीत, वजनकाटा.
चालून दाखव. वळून दाखव.
माझ्या मावशीला चार घरच्यांनी सांगितलं होतं, तसंच.

मग मी आले, लॅपटॉप घेऊन.
पहिल्याच बैठकीत म्हटलं, वरचा नंबर विका, खालचे तीन घ्या.
पोरं कुणालाच ओळखता येत नाहीत,
तर निदान स्वस्तात चुका.
एमिलनं चष्मा पुसला.
"यांतल्या कुणाच्या स्वयंपाकघरात बसली आहेस कधी?"
नाही.
"मी तीनशे घरांत बसलो. निम्म्या वेळा चुकलो."
आणि बऱ्याच वेळानं,
"पण जेवून आलो."

पाच वर्षं आम्ही हुशार होतो.
मग सगळेच खाली सरकले, खालीच गर्दी झाली.
अडवणारे गडी सगळ्यांनी हलके, चपळ निवडले, हवेतला चेंडू झडपायला.
तेव्हा गेल्या एप्रिलमध्ये मीच म्हटलं,
पहिल्या फेरीत एक पळणारा घेऊ.
जाड मानेचा.
कुणी हसलं नाही. हसणारा माणूस
दोन वर्षांपूर्वीच सिल्व्हेनियाच्या दफनभूमीत गेला होता.

खणाच्या तळाशी एक कार्ड,
"घ्या" नाही, "नको" नाही.
"वेग नाही. उंची नाही. सराव संपल्यावर
शंकू गोळा करत थांबतो." नावावर कॉफी सांडलेली.

जालन्याला शाळेमागे गडी वाटताना
दोघी-दोघी खांद्यावर हात टाकून यायच्या:
कुणाला हवी जाई, कुणाला हवी जुई?
मी उरायचे. कच्चा लिंबू.
धरलं तरी धरलं नाही, बाद झाले तरी बाद नाही,
दोन्हीकडून पळायचं, कुणाच्याच हिशोबात नाही.

सातवी फेरी संपते, दिवे मंद होतात,
टीव्हीवाले केबल गुंडाळू लागतात.
मग उरलेल्यांना फोन. ते काम माझं नाही.
तरी यादी ओढून घेतली
आणि तळाचा एक नंबर फिरवला.
टोबायस व्हिटलो? हो, म्हणाला.
त्याच्यामागे कुणीतरी भांडी घासत होतं.
टोलेडोहून बोलतेय, म्हटलं.

भांडी थांबली.