बाजूचं झाकण

"मुलासाठी ना?" हितेन गालाने विचारलं,
लॅमिंग्टन रोडच्या त्या इमारतीत
जिथे अर्धं दुकान जिन्यातच मांडलेलं असतं.
मी म्हटलं, हो.
मला मूल नाही.
पण पंचावन्नाव्या वर्षी हे सगळं
माऊस घ्यायला आलेल्या चार पोरांसमोर
कशाला उलगडत बसायचं?

डबा लहान हवा, एवढंच सांगितलं.
शिलाई मशीन आणि खिडकी यांच्यामध्ये उरते ती जागा
मी दोऱ्याने मापून नेली होती, दोन गाठी मारून.
त्याने दोरा काउंटरवर ताणला. हसला नाही.
आतून एक काळा खोका आणला,
पाच किलो तांदूळ मावतील एवढा.
"तयार पीस आहे, काकी. वायर लावा, खेळा.
फक्त पुढेमागे वाढवायला जाल तर
आत जागा नाही."

कन्नमवार नगरात राहणाऱ्या बाईला
हे समजावून सांगावं लागत नाही.

विद्याधर म्हणाला, एवढ्यात दोन दारांचा फ्रिज आला असता.
ठेवला कुठे असता?
तिथे तो विषय संपला.

पहिले तीन महिने मी नुसता ट्रक चालवला.
बर्फाचा देश, मागे लाकडाचे ओंडके,
आणि चौदा किलोमीटर समोर कुणीच नाही.
हॉर्न वाजवायला कारण शोधावं लागे.

मग जंगल आलं की चित्र अडखळू लागलं.
झाडं उशिरा यायची,
आधी सावली, मग खोड.
मेमरी कमी पडत होती. डब्याची.

सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात जंपर टाकले मी.
निळा-पांढरा, नारिंगी-पांढरा,
अर्ध्या घाटकोपरची भांडणं, सोयरिकी, मयताचे निरोप
माझ्या पकडीखालून गेले.
मग एका हिवाळ्यात स्वेच्छेचा अर्ज आला,
सगळ्यांनी स्वेच्छेने भरला.
त्यानंतर हात नुसते होते. भाजी निवडायला बरे.

त्या हातांनी मेमरीची पट्टी खाचेत दाबली.
कट्.
तोच आवाज.
मी ती काढून पुन्हा एकदा बसवली,
गरज नसताना.

ग्राफिक्स कार्ड मात्र जुनं घेतलं,
जर्मनीला निघालेल्या डोंबिवलीच्या एका पोराकडून.
घरी येऊन मोजलं: साडेसतरा सेंटिमीटर.
आत जागा सतरा.
अर्ध्या सेंटिमीटरवरून या शहरात
सख्खे भाऊ कोर्टात गेलेत.
मी हार्ड डिस्कचा रिकामा पिंजरा उचकटून काढला,
वायरी पाठीमागून वळवल्या, मेणाच्या दोऱ्याने बांधल्या,
आम्ही बांधायचो तशा, दर चार बोटांवर एक गाठ.
तरी जाड केबल बाजूने बाहेर आलीच.

बारीक केबल आणायला पुन्हा जिना चढले.
"काय म्हणतो मुलगा?"
मावत नाही म्हणतो. फोटो दाखवला.
गाला बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिला.
ते गाठींकडे बघत होता, कार्डाकडे नाही.
"मुलाला सांगा, काकी," तो म्हणाला,
"हात चांगला आहे त्याचा."
केबलचे पैसे मात्र पुरे घेतले.

तीही जाडच निघाली. झाकण बसलं नाही.

मे महिन्यात डबा पंच्याऐंशी अंशांवर गेला,
पंखे विमानासारखे घोंघावू लागले, ट्रक घाटात थांबला.
विद्याधर बनियनवर बसून पेपर वाचत होता.
काही न बोलता उठला,
टेबलफॅनची मान माझ्या खोक्याकडे वळवली
आणि पेपराची घडी करून
स्वतःला वारा घालत बसला.
थोड्या वेळाने म्हणाला,
हा रस्ता जातो कुठे?
मी म्हटलं, अजून पोचले नाही.

झाकण भिंतीला टेकून उभं आहे.
स्क्रू बटणांच्या डब्यात.
परवा त्याच्या शर्टाला बटण शोधताना
एक हाताला लागला.
परत आत टाकला.