धुमा

लॅमिंग्टन रोडला तिसरा मजला, लिफ्ट बंद.
आग्नेलच्या दुकानात सात जोड्या मांडलेल्या,
माझ्या खिशात एकोणीस हजार
आणि पेनड्राइव्हमध्ये भिकाजी घागांचा पखवाज.

"बेस कसला पाहिजे?" तो विचारतो,
"गोड, की खरा?"
हापूसवाल्याच्या सुरात.

पहिली जोडी आठ इंची. शोकेसच्या काचा थरथरल्या,
माझ्याही बरगड्यांत काहीतरी हललं.
वाटलं, हेच. घाग असेच वाजवायचे.
आग्नेल हसला नाही.
"ही लग्नात चालते. हिच्यावर मिक्स केलंस
तर बाहेर पोकळ वाजेल, रिकाम्या पिंपासारखं."

दुसरी. तिसरी. चौथीला भोक पाठीमागे:
"भिंतीला लावलीस की फुगणार.
खोली केवढी?"
दहा बाय बारा. भांडुप, टेकडीवर.
कपाट, पलंग, आई.
"मग पाच इंच. मोठा तिथे थापा मारेल."

पाचवी जोडी सेकंडहँड, डाव्या खोक्याचा टवका उडालेला.
लावली,
आणि घागांचा धुमा एकदम लहान झाला.

मी चिडलो. म्हटलं, ही आवाज खातेय.
"खात नाही. ऐक नीट.
खाली अजून कोणीतरी आहे."

पखवाजाच्याही खाली एकसारखी घरघर,
तालात न बसणारी, सम न घेणारी.
आमच्या चाळीचा पंप.
लालबागची बारी संपवून घाग परस्पर आमच्याकडे आलेले,
पहाटे साडेचारला, पाणी यायच्या वेळी वाजवायला बसलेले.
सहा वर्षं मी ज्याला त्यांच्या हाताचं वजन म्हणत होतो
ती तीन घोड्यांची मोटर होती.

ती वजा केली तर उरला
कणकेचा ओला, आखूड ठोका
आणि पंजा कातड्यावरून उचलताना
होणारा किंचित उशीर.
त्या वर्षी ते डाव्या हाताची बाही
मनगटापर्यंत ओढून बसायचे.
आम्हाला वाटायचं, थंडी.
डायलिसिसचं नंतर कळलं, तेही त्यांच्या भाच्याकडून.

आग्नेलने बिलाशिवाय सतरा सांगितले.
घासाघीस करायचं सुचलंच नाही.

घरी दोन स्टुलं, खाली विटा, कानाच्या उंचीला.
कोपऱ्यात गाद्या गुंडाळून उभ्या केल्या.
आई म्हणाली, "एवढे पैसे टाकून आवाज कमी आणलास?"

साठच्या खालचं कापलं की पंप जातो.
धुम्याचा तळही जातो थोडा.
बटणावर बोट ठेवून बसलो होतो,
फाईल चालूच होती,
तेवढ्यात आई पलंगावरून उठली,
"पाणी आलं वाटतं," म्हणत
कळशी घेऊन नळाकडे गेली.

दुपारचे तीन वाजले होते.