इतर

नागपूरच्या मेडिकलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, जिथे जिना वळतो
आणि भिंतींना फिनेलचा वास कायमचा लागलाय,
तिथे माझं टेबल.
लोक मला रक्त देतात, थुंकी देतात.
अंजिरा सय्यामने दाणे दिले.

काळे, मोहरीहून बारीक,
तळपायाच्या छिद्रातून आपणहून आलेले,
गॉजच्या तुकड्यात बांधून.
'पेरता येतीन का जी?'
म्हटलं, तेच करणार आहे.

फॉर्मवर रकाना : किती दिवसांपासून?
दिवस तिने मोजले नव्हते.
धाकटी पोटात होती. देवलापारच्या पुढे, जंगलात,
डोक्यावर सरपणाचा भारा
आणि पायात बाभळीचा एक काटा.
सेफ्टी पिनने काढला, थुंकी लावली, भारा उचलला.
धाकटी आता आठवीत.

मधल्या काळात
बिब्बा झाला. चुना-गूळ झाला. कुणाचा तरी धागा झाला.
सहा महिने टीबीच्या गोळ्या,
लघवी तांबडी झाली, पाय तसाच.
गाठी आल्या, फुटल्या, मिटल्या, शेजारी पुन्हा आल्या.
दुखलं मात्र नाही. हीच त्याची खोड.
जे दुखत नाही त्याच्यासाठी रोजी कोण बुडवतं?
सुनेने तेवढं ताट वेगळं केलं.
हे एकापासून दुसऱ्याला होत नाही, मी सांगितलं.
'तिले सांगा,' ती म्हणाली.

दाणा काचपट्टीवर कुस्करला, पोटॅशचा थेंब.
भिंगाखाली तपकिरी धागे,
सिमेंटमध्ये गाडलेल्या तारांसारखे.
मातीतली बुरशी. मातीत असते तोवर
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तीन आठवड्यांनी ती रिपोर्टला आली.
म्हणाली, दाखवा तरी, इतके वर्षं कोनाले पोसून रायलो होतो.
नियमात बसत नाही.
झाकणाला टेप लावून मी काचेची बशी खिडकीपाशी धरली :
खाकी, घड्या पडलेली, जाड,
भोवती चहा सांडावा तसा रंग उतरलेला.
'काय खाते हे?'
बटाट्याचं पाणी. साखर.
'साखर?'
कपाटात ठेवतो, सदतीस अंशांवर. लाइट गेली तर जनरेटर आहे.

अंजिरा हसली. पदर तोंडाला लावून, बराच वेळ.
'शेवटची एसटी चुकली, मी राती व्हरांड्यात झोपलो जी.
याले खोली भेटली.
माह्या पायात होतं तं भाकर बी पुरी नोती.
मोठ्या घरी पडलं बापा.'

गोळ्या वर्षभर तरी घ्यायच्या. स्टोअरमध्ये नव्हत्या,
मेडिकल चौकातल्या दुकानात होत्या.
किंमत ऐकून झिंगरूने, तिच्या नवऱ्याने,
पट्टी काउंटरवर परत ठेवली, अंडं ठेवावं तशी.
समाजसेवा विभागाने दोन महिन्यांचं भागवलं,
वर एक जोडी बूट.
हाडापर्यंत गेलेलं नाही अजून, डॉक्टर म्हणाले,
आणि 'अजून'पाशी त्यांचं पेन थांबलं.

महिनाअखेरचा अहवाल.
मलेरिया, डेंग्यू, कुष्ठ, क्षय, सगळ्यांना आपापली ओळ.
सगळ्यात खाली 'इतर'.
तिथे मी लिहिलं : एक.

तिसऱ्या महिन्यात ती आली नाही.
फॉर्मवरचा नंबर लावला, तो किराणा दुकानाचा निघाला.
एक पोरगा म्हणाला, मोहावर गेली.
मोह पहाटे पडतो, उजाडायच्या आत वेचावा लागतो.
बूट घालून गेली ना?
'बुटानं फुलं चेंदतात नं जी.'

बशी माझ्याकडे आहे. क्रमांक चारशे बारा.
दर महिन्याला तिचा एक तुकडा नव्या बशीत हलवतो,
नाहीतर मरेल.
बटाटे उकळतो, गाळतो,
लिटरला वीस ग्रॅम साखर, तराजूवर मोजून.
तिची तारीख अजून एकदाही चुकलेली नाही.