तीन पाणी, वर थोडं

बारा हजार तीनशे किलोमीटर, दर्पण सांगतो,
मध्ये एक थांबा, सिंगापूरला, चार तास.
ऑकलंडहून एकूण एकोणीस तास चाळीस मिनिटं.
तो वाचून दाखवतो, मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतो,
लाइटच्या मीटरचं रीडिंग घ्यावं तसं.

आय बोंबील साफ करत बसलेली. विचारते,
"म्हंजे किती पानी?"
तिला तास कळतात, पटत नाहीत.
बापानं होडी वल्हवली ती पाण्याच्या हिशोबानं:
ओहोटीवर बेलापूर, भरतीवर घर.
मी बोटं मोजतो. भरती, ओहोटी, पुन्हा भरती.
"तीन पानी, आय. वर थोडं."
"मंग जवलच हाय," म्हणते
आणि पुढचा बोंबील उचलते.

दर्पण गेला तेव्हा विमानतळ लांब होता.
रात्री दीडला जीप सांगितली होती,
वाशीचा पूल, सायन, मग नुसतं थांबणं.
तो गेला, आणि मागोमाग विमानतळ
चालत आला आमच्या दारापर्यंत.
दारापाशी थांबला नाही.

टेकडी सपाट झाली. नदीला दुसरी वाट दाखवली.
आम्हाला प्लॉट पुष्पकनगरात.
नाव विमानाचं, पण घर जागचं हलत नाही;
हलायचं ते एकदाच हललं, टेम्पोतून, अकरा फेऱ्यांत.
बाराव्या फेरीला न्यायला उंबरा राहिला होता,
ड्रायव्हर म्हणाला, दगड काय कुठेही मिळतो.

आता घर ते विमानतळ
नकाशावर चार किलोमीटर, रिक्षानं पस्तीस मिनिटं,
कुंपणाला वळसा आहे म्हणून.
जुनं घर ते विमानतळ, शून्य.

मी तिथेच असतो, रात्रपाळीला,
थांबलेल्या चाकांना ठोकळे लावतो.
मला ठाऊक आहे कुठे काय होतं.
त्या पिवळ्या पाटीपाशी जिताड्याचं तळं,
पलीकडे मिठागराचा बांध,
दर्पण पडला आणि हनुवटीला तीन टाके पडले तो.
विमान हे सगळं सहा सेकंदांत ओलांडतं.
मोजलंय मी. आम्हाला सगळं पोरपण लागलं होतं.

काल आयनं फोन मागून घेतला.
स्पीकर नको म्हणाली, तरी ऐकू येतंच.
"दर्पन, चाकं टेकतील ना, तवा पाय जरा वर घे.
आपली चूल हाय तिथं."
तिकडे पहाट होती, साडेसात तास पुढची.
तो हसला असावा.
मग बराच वेळ नुसती लाइन चालू.
मग म्हणाला, दादाला विचार,
खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?

मी सांगितलं, उजवी.
फोन ठेवल्यावर आठवलं,
वारा फिरला की विमानं उलटी उतरतात.
मग डावी.