मतदानाचा रविवार

आज शाळेत मतदान.
इदालिना आत गेली,
कुत्र्याची साखळी माझ्या हातात देऊन:
तुला काय, तू मोकळाच.

मोकळाच.
अकरा वर्षं या उतारावरच्या
बदामांची छाटणी मी करतो,
कर भरतो,
पाद्रीबाबांच्या खोकल्यावरून हवा ओळखतो.
कार्डावर मात्र ‘रहिवासी’, आणि खाली
संपायची तारीख,
दुधाच्या खोक्यावर असते तशी.

तिकडे डंडीला माझ्या नावाचं
टपालही येत नाही आता.
बहीण फोनवर म्हणते, तुझं बोलणं बदललंय.
इथे म्हणतात, अजून तसंच आहे.

पिंगो दाराकडे बघत कण्हतो.
रांगेतले सगळे मला हात करतात,
लोहार, त्याची सून,
परवाच अठराची झालेली बेनेदिता,
केस चापूनचोपून बसवलेले.

इदालिना बाहेर आली. कुजबुजली,
तू कुणाला दिलं असतंस?
सांगितलं.
ती क्षणभर गप्प. मग इतकी हसली
की कुत्राही भुंकला:
बरंय बाबा, तुला मत नाही ते!

पिशवीतली चार लिंबं
माझ्या खिशात कोंबली
आणि निघाली पुढे,
साखळी परत मागायचीच विसरली.