बूड नसलेलं जाळं

रासू पहिल्यांदा आमच्या पडवीत आला
तो वाशाला कपाळ आपटूनच.
आई म्हणाली, बस. तो बसला, तरी माझ्याएवढा.
खरं नाव ओरासिओ. वाडीने आठवड्यात त्याचं रासू केलं
आणि तो हाकेला ओ द्यायला लागला.

दाभोलीच्या शाळेमागे, जांभ्याच्या मैदानात
एक कडी होती, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली.
फळीवर कधीच्या पडलेल्या आमदाराचं नाव.
रासूने कडी उतरवली, घासली, तेल दिलं,
उंची दोरीने मोजली, मग नुसत्या डोळ्यांनी,
आणि बाबांकडे आला. जाळं हवं.

बाबांनी घेर विचारला, आस विचारली.
आणि खालून?
रासूने दोन्ही हात उघडे करून दाखवले.
बाबांनी सुई खाली ठेवली.
"बूडच नाय, तर जाळा कसला ता?"

चाळीस वर्षं धरून ठेवायचं विणलेला माणूस
सोडून द्यायचं विणायला बसला.
पहिलं फार ताठ झालं:
चेंडू आत गेला आणि दुध्यासारखा लोंबत राहिला.
दुसरं ढिलं.
तिसऱ्याला तो आवाज आला,
वाळूवर लाट विरते तसा, पण तुटक.
रासू म्हणाला, ह्याच्यासाठी सोळा वर्षं बॅगा भरल्या.

संध्याकाळी तो कडू पाल्याचं पाणी नळीने ओढत बसे
(आईला वाटे काढा; दुखणं कसलं, ती मला विचारी)
आणि मोडक्या इंग्रजीत, त्याच्या आणि माझ्या,
हिशेब सांगे.
वाऱ्याचं एक बंदर, बाप बोटींत गहू भरणारा.
सतराव्या वर्षी पहिला करार; पगारात एक सायकल.
कोर्दोबात तीन हंगाम. स्पेनमध्ये दोन, दुसऱ्या फळीत.
तुर्कस्तानात एक, त्याचे पैसे अजून यायचेत.
देशाच्या संघासाठी शिबिर. शेवटी उरले तेरा.
जागा बारा.
इथे तो दर वेळी नळी बाजूला ठेवायचा
आणि आईकडे तळलेला बांगडा मागायचा.

गुडघ्यावर तीन शिवणी. बाबांनी एकदा बोट फिरवून पाहिल्या.
म्हणाले, मधली बरी घातलीय. बाकीच्या घाईतल्या.

आम्ही सहा पोरी. कडीत टाकायला त्याने फार उशिरा शिकवलं.
आधी नुसतं देणं.
ती उभी आहे तिथे नको, ती पोचणार तिथे दे.
बाबा कुंपणाशी विडी ओढत ऐकत होते.
त्यांना हे कुणी सांगायला नको होतं;
मासा दिसतो तिथे जाळं फेकणारा उपाशी राहतो.

कुडाळला आम्ही एकेचाळीस–बारा हरलो.
त्या बारांतले चार माझे.
एस्टीत मी त्याला ते चार मोजून दाखवले.
त्याला आठवत नव्हते.
त्याला आठवत होता ब्रिजिताला मी न बघता दिलेला एक पास,
जो तिच्या हातून सुटला.
तोच, तो म्हणाला. आणि झोपला,
पाय ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत.

व्हिसा संपला तेव्हा त्याने जाताना जाळं मागितलं.
बाबा नवं विणायला घेणार होते.
नको, म्हणाला. पहिलं द्या. अडकणारं.

कडी पुन्हा गंजलीय. मी बँकेतून येताना
कधी गाडी थांबवते, कधी नाही.
बाबांना आता सुईत दोरा दिसत नाही,
पण समुद्रावरून कोरडा वारा सुटला की
मान वळवून विचारतात,
"तुर्कस्तानातले पैशे गावले काय गो तेका?"